दोन सप्तकं खाली

मिस्त्रींना लाँड्रीत सगळे 'कान' म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे कान. आणि पाठीमागे म्हणत तेही आदरानेच, कारण चार इस्पितळांच्या आणि सहा हॉटेलांच्या चादरी रोज धुऊन, पिळून, इस्त्री करून देणाऱ्या त्या लाँड्रीत असं एकही मशीन नव्हतं, ज्याचा आजार त्यांनी ते बंद पडायच्या आधी ओळखला नव्हता. पद्धत ठरलेली. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगपाशी टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला वाफेचा, पट्ट्यांचा, पाण्याचा कितीही गोंगाट असो, त्या लोखंडी दांडीतून फक्त त्या एका बेअरिंगचं बोलणं वर यायचं. मिनिटभराने डोळे उघडून ते म्हणायचे, "ग्रीस हवंय," किंवा "महिनाभर चालेल," किंवा "आत्ताच्या आत्ता बंद कर." यावर वाद नाही. सुपरवायझर तर कंपनीच्या इंजिनिअरलाही सांगायचा, की आधी आमच्या मिस्त्रींना विचारा, मग तुमचा कागद काढा.

तीस वर्षं हा दबदबा टिकला होता. तीस वर्षं टिकलेला दबदबा माणसाला स्वतःच्या नाकाडोळ्यांसारखा वाटायला लागतो. तो जाऊ शकतो हे कुणाच्या मनात येत नाही.

त्या आठवड्यात तीन नंबरच्या स्पिनरवरून कुरबुर सुरू झाली. स्पिनर म्हणजे ओल्या चादरींचा ढीग पोटात घेऊन मिनिटाला हजार वेळा गरगरणारं पिंप. अशी चार पिंपं ओळीने उभी, आणि तीन नंबरवर बारा ते आठच्या पाळीला बसायच्या मावशी. मावशी लाँड्रीतल्या सगळ्यात जुन्या. मिस्त्रींपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आणि त्यांच्याइतक्याच हट्टी.

"मिस्त्री, हे शिट्टी मारतंय," मावशी म्हणाल्या. "बारीक. दातातून कळ जावी तशी."

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आत नेहमीची भरीव, समाधानी घुमघुम होती. त्यांनी जागा बदलून पुन्हा ऐकलं. घुमघुमच.

"मशीन ठणठणीत आहे, मावशी. तुमचेच कान वाजतायत. वय झालं आता."

इस्त्रीच्या टेबलावरच्या बायका खळखळून हसल्या. मावशी काही बोलल्या नाहीत. मावशी बोलल्या असत्या तर मिस्त्रींनी चार शब्द ऐकवून विषय मिटवला असता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं, की मावशींनी आपलं स्टूल उचलून पार भिंतीला नेऊन लावलंय. मशीन भरायला तेवढ्या पुढे येत, झाकण लावत आणि लगबगीने भिंतीशी जाऊन बसत. बोलणाऱ्या माणसाचं तोंड बंद करता येतं, स्टुलाचं काय करणार? ते स्टूल मिस्त्रींना दिवसभर सलत राहिलं. पुरावा दाखवून ते जागेवर आणायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

पुरावा म्हटल्यावर त्यांना मुलीचा डबा आठवला.

डबा हे मिस्त्रींनी ठेवलेलं नाव. खरं तर ते आवाज टिपून वाजवायचं यंत्र होतं. जेवणाच्या डब्याएवढंच, खाली दोन सप्तकांच्या पट्ट्या, वर सोळा रबरी चौकोन. कुठलाही आवाज एका चौकोनात भरायचा आणि मग तोच आवाज खालच्या पट्ट्यांवर चढवून-उतरवून वाजवायचा. मुलीने त्यात काय काय भरलं होतं! दाराची कडी, बादलीचा कान, आईचं पुस्तक मिटणं. एकदा तर मिस्त्रींच्या खोकल्याची पूर्ण चाल बांधली होती, आणि ती इतकी छान जमली की पुढचे चार दिवस मिस्त्री घरात जपून खोकत होते. एका नाच शिकवणाऱ्या बाईंसाठी ती संगीताचे तुकडे करायची. प्रत्येक तुकडा आधी बाबांना ऐकवायचा, हा तिचा नियम. आणि गेली तीन वर्षं बाबांचा निकाल एकच: "खाली छान भरलंय. वर मात्र रिकामं वाटतं." मुलगी मान डोलवायची, डबा उचलायची आणि पुन्हा कामाला लागायची. नाचाच्या बाईंचं काहीही मत असो, निकाल बाबांचा.

"मला तुझा डबा दे दोन दिवस," मिस्त्री म्हणाले.

"कशाला? खोकला झालाय का?"

तीन नंबरची हकिगत ऐकल्यावर मात्र ती उत्साहाने उठली. तिने कपाटातून बंद पडलेलं गजराचं घड्याळ काढलं, त्यातली रुपयाएवढी पितळी चकती सोडवली आणि बाबांपुढे ठेवली. "हिला दोन तारा जोडून द्या. ही चकती मशीनला चिकटवायची, तारा डब्यात खुपसायच्या. डब्याचा स्वतःचा माइक हवेतलं ऐकतो, त्याला सगळ्या लाँड्रीचा कल्ला ऐकू येईल. ही फक्त लोखंडातलं ऐकते."

"अगं, म्हणजे हा माझा स्क्रूड्रायव्हरच की!"

"तुमचा स्क्रूड्रायव्हर, पण लक्षात ठेवणारा."

मिस्त्रींना हे भलतंच आवडलं. त्यांनी तारांना असा सुबक डाख दिला की पोरगी बघत राहिली. मग तिने डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आणि त्यावर सूचना लिहिल्या. रेकॉर्ड करताना चार्जर काढा, सेलवर चालवा, नाहीतर विजेची घरघर शिरते. लाल दिवा लुकलुकला पाहिजे, पण जळत राहता कामा नये. चकती ग्रीसवर चिकटत नाही, आधी पुसा. आजारी मशीन एकट्याने ऐकू नका, शेजारचं धडधाकट मशीनही घ्या, म्हणजे दोन चौकोन पाळीपाळीने दाबून फरक कळतो. ही शेवटची सूचना वाचून मिस्त्री म्हणाले, "हे तू कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "तुमच्याकडेच. लहानपणी तुम्ही मला दोन नंबर आणि चार नंबर ऐकवायचात."

एकच गोष्ट तिने लिहिली नाही, कारण ती तिला इतकी सवयीची होती की लिहायची असते हेच सुचलं नाही. डब्याच्या कडेला एक इवलीशी कळ होती. एका बाजूला केली की डब्यात आधीच्या तुकड्यांखेरीज चाळीस सेकंदांचा नवा आवाज मावे, दुसऱ्या बाजूला केली की अडीच मिनिटांचा. आता, अडीच मिनिटं मिळत असताना चाळीस सेकंद घेईल तो मिस्त्री कसला? त्यांनी कळ अडीचवर सारली आणि मनातल्या मनात मुलीला थोडी भोळीही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चकती आधी दोन नंबरला लावली, मग तीन नंबरला. लाल दिवा सांगितल्यासारखा लुकलुकला. एक वाजता, जेवायच्या सुट्टीत, त्यांनी डबा मधल्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. दोन नंबर वाजवला. घुमघुम. तीन नंबर वाजवला. तशीच घुमघुम. पुन्हा दोन, पुन्हा तीन.

"बोला मावशी. कुठंय शिट्टी?"

मावशींनी पुढे वाकून ऐकलं. खूप वेळ ऐकलं. मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "यात नाहीये." आणि तितक्याच शांतपणे पुढे म्हणाल्या, "मशीनमध्ये आहे."

हशा पिकला. सुपरवायझरने मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. मावशी आपला जेवणाचा डबा उचलून तीन नंबरकडे गेल्या आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

संध्याकाळी मिस्त्री घरी आले ते विजयी वीरासारखे. चहा पिता पिता त्यांनी सगळा प्रसंग रंगवून सांगितला. मुलगी हसत ऐकत होती, आणि एकदम थांबली.

"बाबा, कळ कुठल्या बाजूला होती?"

"अडीच मिनिटांच्या."

"अरे देवा." तिने कपाळाला हात लावला. "बाबा, डब्यात जागा तेवढीच असते. जास्त वेळ मावायचा तर तो आवाजातलं काहीतरी टाकून देणार. तो वरचं टाकतो. जेवढं बारीक, जेवढं टिपेचं, ते सगळं छाटतो. तुम्ही शिट्टी पकडायला गेलात आणि शिट्टी जिथे असते नेमकं तेवढंच कापून घेऊन आलात."

मिस्त्रींचा चहा कडू झाला. "बरं, डब्याने कापलं. पण मी कानाने ऐकलं त्याचं काय? माझा कान तर काही कापत नाही ना?"

मुलगी कपबशी उचलत उठली. "उद्या चाळीसवर ठेवा," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चाळीसवर ठेवून दोन्ही मशीनं पुन्हा टिपली, वीस सेकंद हे, वीस सेकंद ते. तिथल्या तिथे हेडफोन लावून ऐकलंही. दोन नंबर, तीन नंबर, काडीचा फरक नाही. आता मावशींबरोबर पोरीचीही खोड मोडायची, या तयारीने ते साडेसहाला घरी पोचले. मुलगी मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. समोर हातभर अंगण, त्यापलीकडे कुंपणाची झुडपं. बाहेर अजून उजेड होता.

तिने हेडफोन चढवून पहिला चौकोन दाबला, मान डोलावली. दुसरा दाबला आणि हेडफोन अक्षरशः ओरबाडून काढले.

"आई गं!"

"काय झालं?"

"बाबा, हे किंचाळतंय."

मिस्त्रींनी हेडफोन लावले. घुमघुम. "कुठे?"

तिने हेडफोनची तार काढली आणि डब्याच्या छोट्याशा स्पीकरवर तोच चौकोन दाबला. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "काय लावलंय ते? बंद करा आधी, डोकं उठतंय!"

मिस्त्रींनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलगी गंमत करत नव्हती. गंमत करताना तिच्या नाकपुड्या फुगतात, तीस वर्षं मशीनं वाचणाऱ्या माणसाला एवढं वाचता येतंच. तिचा चेहरा उतरला होता. बायको तर दोन वर्षांपासून म्हणत होती की टीव्ही फार मोठ्याने लावता, सांगितलेलं ऐकत नाही. पण बायको म्हणते म्हणून कान तपासून घेणारा नवरा अजून जन्माला यायचाय. मिस्त्रींची समजूत अशी, की हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

"थांबा," मुलगी म्हणाली. "एक करते."

डब्यावर खाली तोंड केलेल्या बाणाचं एक बटण होतं. ते एकदा दाबलं की आवाज एक सप्तक खाली उतरे आणि दुप्पट लांबे. तिने ते एकदा दाबून तीन नंबर वाजवला. मिस्त्रींनी कपाळाला आठ्या घातल्या. कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणीतरी असावं, तसं काहीतरी. की भास? तिने बाण दुसऱ्यांदा दाबला. दोन सप्तकं खाली, चौपट सावकाश.

आणि ती आली.

एक लांब, पातळ, लखलखीत शिट्टी. खालची घुमघुम आता इतकी खोल गेली होती की जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि तिच्यावर ही शिट्टी तारेसारखी ताणलेली. ती थरथरत होती. एक थरथर, मग पुढची, मग पुढची, शाफ्टच्या फेऱ्याफेऱ्याला एक. मिस्त्रींच्या अंगावर काटा आला. भीतीचा काटा नंतर आला, हा पहिला काटा निव्वळ नवलाचा होता. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता! ऐन उमेदीत त्यांनी याच शिट्टीवरून चार बेअरिंगं पकडली होती. आतल्या कड्याला चीर गेली की लोखंड असं रडतं, अगदी सुरुवातीला, स्क्रूड्रायव्हरच्या घुमघुमीत काहीही कळायच्या कितीतरी आधी. पुढे पुढे ही शिट्टी भेटेनाशी झाली, तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं की हल्लीची बेअरिंगंच चांगली निघतात. बेअरिंगं तशीच होती. शिट्टी गेली कित्येक वर्षं त्यांच्या डोक्यावरून जात होती, आणि मुलीच्या डब्याने तिचा हात धरून तिला दोन मजले खाली, त्यांच्या दारात आणून उभं केलं होतं.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग डोळे न उघडताच विचारलं, "आत्ता बाहेर रातकिडे आहेत का गं?"

मुलीने कुंपणाकडे पाहिलं. "आहेत की, बाबा. कधीचे ओरडतायत. रोजच असतात."

पाच वर्षं मिस्त्री याच पायरीवर बसून सांगत आले होते, की औषधं फवारून फवारून लोकांनी रातकिडे संपवले, पूर्वी केवढे असायचे. ते समोरच्या झुडपांकडे बघत राहिले. झुडपं गप्प उभी होती.

मग मात्र भीतीचा काटा आला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले होते. मावशींची पाळी आठपर्यंत. पिंप ऐन वेगात असताना आतलं कडं फुटलं, तर चादरींसकट ते पिंप कुठे जाईल, हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी फोन उचलला.

"तीन नंबर बंद कर. लगेच."

"काय म्हणता मिस्त्री?" सुपरवायझर चकित झाला. "काल तुम्ही सगळ्यांना लावून दाखवलंत की. आणि आज इस्पितळाचा सगळा माल पडलाय अजून."

"कालचं चुकलं होतं. आज डब्यात पुन्हा टिपलंय. शिट्टी आहे."

"डब्याचं काय घेऊन बसलात! तुम्ही स्वतः कानाने ऐकलंत ना? तुमचा कान म्हणतोय ना ठीक आहे? मग माझ्यासाठी ठीक आहे. सकाळी बघू."

तीस वर्षांत या माणसाला मिस्त्रींनीच शिकवलं होतं, की कुणाचं ऐकू नकोस, माझ्या कानाचं ऐक. पोरगं शहाणं, नीट शिकलं होतं. आता ते शिकवणं मोडायचं तर एकच वाक्य होतं. मुलगी समोर होती, बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"हॅलो? आवाज येत नाहीये का?"

"तुझा येतोय. वरचे आवाज येत नाहीत. बारीक. कधीपासून येत नाहीत ते मलाही माहीत नाही. माझ्या कानाचं ऐकू नकोस. मावशी बरोबर होत्या, मी चुकलो होतो. बंद कर आणि त्यांना फोन दे."

पलीकडे पावलं वाजली, खटका पडल्याचा आवाज आला, आणि फोनमधून त्यांना पिंपाची घुमघुम सावकाश उतरत, उतरत, थांबलेली ऐकू आली. खालचे आवाज त्यांना उत्तम येत होते.

"मिस्त्री, बंद केलं हो," मावशींचा आवाज.

"मावशी, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"ते राहू द्या. जेवलात का तुम्ही?"

मिस्त्रींनी फोन बायकोकडे दिला.

सकाळी त्यांनी बेअरिंग उतरवलं. आतल्या कड्याला केसाएवढी चीर होती, पण ती कड्याच्या पाऊण भाग आरपार गेली होती, आणि एका गोळीची साल निघाली होती. त्यांनी ते धुऊन पुसून मधल्या टेबलावर, परवा डबा ठेवला होता त्याच जागी ठेवलं. इस्त्रीवरच्या बायका एकेक करून आल्या, नखाने चीर चाचपून गेल्या. कुणी हसलं नाही, आणि कुणी 'कान' असंही म्हणालं नाही. सुपरवायझर म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. आणि तो डबा... तसला एक आपल्याला लागेल."

बाराला मावशी आल्या तेव्हा नवीन बेअरिंग बसून तीन नंबर रिकामं फिरत होतं. मिस्त्रींनी त्यांना बोलावलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर मुठीकडून पुढे केला. तो स्क्रूड्रायव्हर लाँड्रीत आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नव्हता. मावशींनी तो पदराने पुसला, टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि मिस्त्री मिटत तसेच डोळे मिटले. थोडं नाटकही केलं असेल, तेवढा त्यांचा हक्क होता.

"काय म्हणतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. गप्प फिरतंय."

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत दिला, भिंतीशी गेल्या आणि स्टूल फरफटत आणून मशीनशेजारी, नेहमीच्या जागी ठेवलं.

मिस्त्रींना वाटलं, संपलं. बेअरिंग बदललं, माफी मागून झाली, आता डॉक्टरकडे जायचं. पण संध्याकाळी घरी आले तर मुलगी पायरीवर डबा मांडीवर घेऊन नुसती बसली होती. एकही चौकोन दाबत नव्हती.

"बाबा, तुम्ही म्हणायचात ना, वर रिकामं वाटतं?"

मिस्त्री तिथेच उभे राहिले.

"म्हणून मी वर भरत गेले," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी थोडं आणखी. तुम्ही पुन्हा म्हणायचात रिकामं, मी पुन्हा भरायचे. नाचाच्या बाई म्हणाल्या, फार टोचतं, मुली कानावर हात ठेवतात. तीन तुकडे परत पाठवले त्यांनी. मी म्हटलं, बाईंना कान नाही. बाबा म्हणतात रिकामं, म्हणजे रिकामंच असणार."

मिस्त्री तिच्याशेजारी पायरीवर बसले. बेअरिंग बदलता आलं होतं. तीन वर्षं कशी बदलणार? एवढी हुशार पोर, आणि त्यांच्या एका शब्दासाठी तिने चांगल्या चाली बिघडवत नेल्या होत्या. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"काय भरलंस?" त्यांनी विचारलं.

"ऐकायचंय?"

"लाव. माझ्यासाठी खाली उतरवून लाव."

तिने तयारी केली. शेवटच्या तुकड्यातले खालचे सगळे थर बंद केले, फक्त वरचे ठेवले. ते वाजवत असतानाच डब्याने ते पुन्हा स्वतःमध्ये एका चौकोनात भरून घ्यायचे होते, म्हणजे मग तो एकच चौकोन बाण दाबून उतरवता आला असता. पण डबा अडून बसला.

"जागा नाही," ती म्हणाली. "चाळीस सेकंद तुमच्या दोन मशीनांनी खाल्लेत. पुसावे लागतील."

मिस्त्रींचं बोट आपोआप दुसऱ्या चौकोनावर गेलं. इतक्या वर्षांनी परत भेटलेला पहिला आवाज त्यात होता. त्यांनी बोट उचललं.

"पूस. मशीन बरं झालंय."

तिने पुसलं, चाळीस सेकंद भरून घेतलं, बाण दोनदा दाबला आणि चौकोनावर हात ठेवला.

सुरुवातीला काचेच्या कडा होत्या. ओल्या बोटाने कुणीतरी सावकाश फिरवत असावं अशा. मग किल्ल्यांचा जुडगा, एकेक किल्ली वेगळी, प्रत्येकीचा सूर वेगळा. सायकलच्या आऱ्यांवरून फिरलेली काडी. चमचे. त्यांच्याच पेटीतले वॉशर, एकमेकांवर पडताना. सगळं चौपट सावकाश, सगळं स्वच्छ. ज्या मजल्याला ते तीन वर्षं रिकामा म्हणत होते तो इतका गच्च भरलेला होता की पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या सगळ्याच्या मागे, सगळ्यात वर, काहीतरी गात होतं. खूप गळे, एकाच वेळी, मोठ्या धीराने, एक सूर धरून सोडत होते आणि पुन्हा धरत होते. तसलं गाणं मिस्त्रींनी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हे कोण गातंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"रातकिडे," मुलगी म्हणाली. "आपल्याच कुंपणातले. तुम्ही म्हणायचात पूर्वी केवढे असायचे, म्हणून मी झुडपात डबा धरून अगदी जवळून घेतले. वाटलं, एवढे दिल्यावर तरी तुम्हाला भरल्यासारखं वाटेल."

चाळीस सेकंदांची दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि मिस्त्री शेवटापर्यंत हलले नाहीत. संपल्यावर तिने डब्याकडे बघत, सवयीने, दबलेल्या आवाजात विचारलं, "कसं वाटलं?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. तीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असायचं.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "मावशींना ऐकव, त्यांचं मत घे. टोचत असेल ते काढून टाक. हा चौकोन तेवढा राहू दे."

मग त्यांनी कुंपणाकडे तोंड करून, स्वतःच्या बोटाने, तो पुन्हा दाबला.